चाळीस कुंड्यांची पोच

पार्सलमावशींच्या हातात काही दिलं की त्या आधी त्याचं वजन सांगायच्या आणि मग बाकीचं बोलायच्या. भाजीची पिशवी असो, शेजारणीनं वाचायला दिलेलं जाडजूड पुस्तक असो, नाहीतर कोणाचं चार महिन्यांचं बाळ असो. बाळ कोणावर गेलंय, नाक कोणाचं, हे सगळं नंतर. टपाल कार्यालयात पार्सलच्या खिडकीवर एकतीस वर्षं काढल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? समोर काटा होता, नाही असं नाही, पण शेवटची दहा वर्षं तो काटा मावशींचं म्हणणं बरोबर आहे की नाही एवढंच बघायला ठेवलेला होता.

दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांचा यावर विश्वास नव्हता. पुराव्याशिवाय ते घरच्या चहातही साखर आहे असं मानत नसत. एकदा त्यांनी एक पितळी दिवा मावशींच्या हातात ठेवला आणि खिशातून छोटा स्प्रिंगचा काटा काढला. मावशी म्हणाल्या, एक किलो साडेतीनशे. काट्यानं दाखवलं एक किलो तीनशे साठ. वकिलांचा चेहरा खुलला. मावशी शांतपणे म्हणाल्या की काट्याची स्प्रिंग सैल झालीय, बदलून घ्या. वकिलांनी दुसऱ्या दिवशी वाण्याच्या काट्यावर दिवा ठेवला आणि त्यानंतर या विषयावर ते कधी बोलले नाहीत.

वजनाच्या या अंदाजापेक्षाही मोठा अभिमान मावशींना दुसऱ्या गोष्टीचा होता. एकतीस वर्षांत त्यांच्या खिडकीवर आलेलं एकही पार्सल हरवलं नव्हतं. आलेल्या प्रत्येक वस्तूची पोच दिलेली आणि गेलेल्या प्रत्येक वस्तूची पोच घेतलेली. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात नेमकं हेच सांगितलं, तेव्हा मावशींच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, आणि त्यानंतर ते उतरलं नव्हतं असं त्यांचे यजमान म्हणत.

यजमान म्हणजे बंबकाका. अग्निशमन दलात तीस वर्षं काढलेला माणूस. सहासष्टाव्या वर्षीही छाती दारातून आधी आणि काका मागून आत येत. नवराबायकोच्या स्वभावात जमीनअस्मानाचा फरक. मावशी सगळं मोजूनमापून करणार, आणि काकांना आयुष्यात एकच उपाय माहीत: गरम दिसलं की पाणी मारायचं. गच्ची तापली, पाणी. मोटारीचं बॉनेट तापलं, पाणी. कोणाचं डोकं तापलं तर त्यालाही आधी पेलाभर पाणी, मग काय ते बोल.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आदल्या आठवड्यात शाळेतल्या विज्ञानाच्या बाई मावशींकडे आल्या. तरुण होत्या, पण चेहरा रडवेला. त्यांच्या सहावीच्या वर्गातल्या चाळीस मुलांनी प्रत्येकी एक रोप लावलं होतं. मागच्या वर्षीही लावली होती. सुट्टीत ती शाळेच्या गच्चीवर राहिली, पाणी घालायला ठेवलेला माणूस चार दिवस आला आणि पाचव्या दिवशी आला नाही. शाळा उघडली तेव्हा चाळीस डब्यांत चाळीस काड्या होत्या. मुलं रडली, पालक बोलले, आणि मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं की यंदाही तसंच झालं तर हा उपक्रम बंद, रोपंबिपं काही नको, वहीत चित्रं काढा.

"मावशी, दीड महिना सांभाळाल का?" बाईंनी विचारलं. "लोक म्हणतात, तुमच्याकडं दिलेली वस्तू जशीच्या तशी परत मिळते."

आता असं कोणी म्हटल्यावर मावशी नाही कशा म्हणणार? त्यांनी कपाटातून जुनी वही काढली, कार्बन कागद घातला, आणि चाळीस कुंड्यांची रीतसर पोच लिहून दिली. क्रमांक, रोपाचं नाव, आलं त्या वेळची स्थिती. कुंड्या म्हणजे तरी काय, रंगाचे डबे, आइस्क्रीमचे डबे, कापलेल्या बाटल्या, एक फुटका चहाचा थर्मास. झेंडू, मिरची, टोमॅटो, पुदिना, जास्वंद. सत्तावीस क्रमांकाच्या पत्र्याच्या डब्यात बीपासून वाढवलेलं वीतभर लिंबू होतं आणि डब्यावर एका मुलीनं वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: माझं लिंबू. हात लावू नये.

मावशींनी त्याच दिवशी त्याला हात लावला. सगळ्यांनाच लावला. त्यांची रीत अशी होती: प्रत्येक डब्याच्या तळाला खिळ्यानं भोकं पाडून घेतली, डबा पाण्यात बुडवला, निथळू दिला आणि मग दोन्ही हातांनी उचलून बघितला. हे त्याचं भरलेलं वजन. मग पाणी न देता रोज सकाळी उचलून बघायचं. वरची माती कोरडी झाली, बोट घातलं तर आतही कोरडं लागलं, की उचलायचं. हे रिकामं वजन. या दोन वजनांच्या मध्ये रोपाचं सगळं सुखदुःख असतं, असं त्यांचं म्हणणं. वर बघून काही कळत नाही, पानं खोटं बोलतात. दुपारी बाराला सगळीच मान टाकतात, तहानलेली असोत वा नसोत, आणि ऊन उतरलं की आपोआप उभी राहतात. डबा मात्र खोटं बोलत नाही. आठ दिवसांत चाळीस डब्यांची ऐंशी वजनं मावशींच्या हाताला पाठ झाली.

पाणी इमारतीला सकाळी तासभर यायचं. त्यात पिणं, धुणं, भांडी आणि ही चाळीस लेकरं. भाजी धुतलेलं पाणी, पेला विसळलेलं पाणी, सगळं एका बादलीत जमा व्हायचं. थेंब वाया जात नव्हता आणि तरी प्रत्येक रोपाला हवं तेवढं मिळत होतं, कारण ज्याला नको त्याला मिळत नव्हतं.

काकांनीही आपलं डोकं लावलं, आणि ते चांगलंच लागलं. मावशींनी डबे गच्चीवर टाकीच्या आडोशाला, भिंतीला चिकटून ठेवले होते. काका दुपारी वर गेले, भिंतीपासून चार बोटांवर तळहात धरून उभे राहिले आणि म्हणाले की ऊन वरून येतं हे खरं, पण भाजतेय ती ही भिंत. आगीत माणूस समोरच्या ज्वाळेकडं बघत राहतो आणि तापलेल्या भिंतीनं पाठ भाजून घेतो, हे त्यांनी अनेकदा पाहिलेलं. त्यांनी सगळे डबे भिंतीपासून हातभर पुढं ओढले, मध्ये ओलं गोणपाट टांगलं आणि वरून जुनी पांढरी चादर ताणून बांधली. गाठी अशा की वादळ आलं असतं तरी हलल्या नसत्या. संध्याकाळी मावशींनी पानांना हात लावून बघितला आणि जेवताना काकांना न मागता दुसरी पोळी वाढली. ही त्यांची कौतुक करायची पद्धत होती.

तिसऱ्या आठवड्यात मावशींच्या थोरल्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. जाणं भाग होतं, आठ दिवसांसाठी. मावशींनी काकांना गच्चीवर नेऊन सगळं समजावलं. रोज सकाळी एकेक डबा उचला. हलका लागला तर एक मग पाणी. जड लागला तर त्याला हात लावू नका. बस, एवढंच.

"एवढं मला कळतं," काका म्हणाले. "तीस वर्षं पाण्यातच गेली माझी."

मावशी रोज फोन करायच्या. उचलून बघता ना? बघतो. पानं कशी आहेत? दुपारी जरा मलूल होतात, पण मी आहे. मावशी निर्धास्त झाल्या. काका खोटं बोलत नव्हते, ही गोष्ट इथंच सांगून ठेवायला हवी, नाहीतर वाचणारा उगाच त्यांच्यावर रागवेल.

नवव्या दिवशी सकाळी मावशी परतल्या, पिशवी दारात टाकली आणि सरळ गच्चीवर गेल्या. वर पोचण्याआधीच त्यांना वास आला. आंबूस, साचलेल्या गटारासारखा. चाळीसच्या चाळीस रोपं माना टाकून उभी होती, आणि ती दुपार नव्हती, सकाळचे सात वाजले होते. खालची पानं पिवळी पडलेली. प्रत्येक डब्याखाली एकेक जुनी ताटली, आणि ताटलीत काठोकाठ पाणी.

मावशींनी पहिला डबा उचलला. भरलेल्या वजनापेक्षाही जड. दुसरा उचलला, तिसरा उचलला. दहाव्या डब्यानंतर त्यांनी पुढचे उचललेच नाहीत.

मागून काका आले. चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू. त्यांनी सांगितलं की एक दिवसही चुकवला नाही. सकाळी पाणी, दुपारी मान टाकली की पाणी, संध्याकाळी पाणी. नळाचं पुरत नव्हतं म्हणून तळमजल्याच्या हौदातून बादल्या भरून चार मजले चढवल्या. आणि वाहून वाया जाऊ नये म्हणून खाली ताटल्या ठेवल्या.

"मी उचलून बघा म्हटलं होतं," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की काकांचं हसू विझलं.

"बघितलं की. रोज बघितलं. सगळे हलकेच लागले."

आणि तेव्हा मावशींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा माणूस पाच-पाच मजल्यांवरून शिडीनं माणसं खांद्यावर घालून उतरवत आलेला. पाण्यानं भरलेली नळी काखेत मारून पळालेला. त्याच्या हाताला दीड किलोचा डबा हलका नाही लागणार तर काय जड लागणार? मावशींनी हलकं आणि जड असे दोन शब्द दिले होते, पण ते स्वतःच्या हाताचे दिले होते. एकतीस वर्षं त्यांनी कोणालाही अंदाजावर काम सांगितलं नव्हतं, आणि घरच्या माणसाला सांगितलं.

राग आला नाही असं मुळीच नाही. राग आला, डोळ्यांत पाणीही आलं. पण त्यांनी काकांचे तळहात बघितले. बादलीच्या कड्यांनी दोन्ही हातांना फोड आले होते. त्यावर बोलण्यात अर्थ नव्हता आणि बोलायला वेळही नव्हता.

"रद्दी गोळा करा," त्या म्हणाल्या. "इमारतीत असेल नसेल तेवढी सगळी."

काका पळाले. घंटा वाजल्यावर पळायची सवय अजून पायांत होती. तासाभरात गच्चीवर वर्तमानपत्रांचे ढीग लागले. वकिलांनी सात वर्षांचे अंक तारीखवार लावून ठेवले होते, तेही त्यांनी दिले, फक्त महत्त्वाच्या निकालांचे बाजूला काढून. मावशींनी एकेक रोप मातीच्या ढेकळासकट अलगद बाहेर काढलं. काळीभोर, बुळबुळीत झालेली मुळं दोऱ्याच्या कात्रीनं कापली, पांढरी ठेवली. मग ते ढेकूळ वर्तमानपत्रात गुंडाळलं, कोपरे आत दुमडून, घट्ट पण दाबून नाही, जशी त्या काचेच्या भांड्यांची पार्सलं बांधून द्यायच्या. कागद भिजला की काढायचा, कोरडा गुंडाळायचा. दिवसातून तीन वेळा. घरातल्या सावलीत, पलंगावर, ओट्यावर, कपाटावर, जिकडं बघावं तिकडं पार्सलं. दोन दिवस नवराबायको जमिनीवर झोपले, कारण पलंगावर टोमॅटो होते. तिसऱ्या दिवशी काकांनी कोरडी माती आणि वाळू मिसळून आणली आणि सगळी रोपं परत आपापल्या डब्यात गेली.

मग वाट बघणं आलं. पाचव्या दिवशी झेंडूंनी मान वर केली. मिरच्या नवी पानं काढू लागल्या. पुदिन्याचं तर विचारूच नका, त्याला मरायचं ठाऊकच नसतं. दोन आठवड्यांत एकोणचाळीस रोपं पुन्हा उभी राहिली, काही आधीपेक्षाही तरतरीत.

सत्तावीस नंबर उभं राहिलं नाही. लिंबाची पानं एकेक करून गळली. मावशींनी नखानं खोड खरवडून बघितलं. वर तपकिरी, मध्ये तपकिरी, मुळाशीही तपकिरी. रोज सकाळी त्या तो डबा उचलायच्या आणि काही न बोलता खाली ठेवायच्या. डब्यावरची अक्षरं वाचायचं टाळायच्या.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सकाळी मावशी गच्चीवर गेल्या आणि बघतात तर सत्तावीस नंबरच्या डब्यात हिरवंगार, वीतभर लिंबू. तेवढीच उंची, तीच सहा पानं. त्यांनी डबा उचलला आणि तसाच हातात धरून खाली आल्या.

"हे तिचं नाही," त्या म्हणाल्या.

काका चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. ओशाळून सांगितलं की तीन रोपवाटिका फिरून शोधून आणलं. पोरीला काय कळणार आहे?

"मला कळलं ना."

काकांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "एकतीस वर्षं एक डाग नाही तुझ्या नावावर. तो माझ्या हातून लागायला नको होता. म्हणून आणलं."

मावशी त्यांच्या समोर बसल्या. "अहो, पार्सलं फुटायची की. ट्रकमध्ये आपटायची, पावसात भिजायची. तेव्हा आम्ही पोचेवर सरळ लिहायचो, खराब स्थितीत मिळालं, आणि खाली सही करायचो. माणसं चिडायची, रडायची, पण सही करून घेऊन जायची. बदललेलं पार्सल मात्र मी कधी कोणाच्या हातात ठेवलं नाही."

काकांनी मान डोलावली, नवं रोप काढून घेतलं आणि सुकलेली काडी पुन्हा जागेवर लावली. हातानं माती दाबताना ते इतके हळुवार होते की मावशींनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी हातगाडीवरून चाळीस डबे शाळेत गेले. काकांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. वर्गात मुलं आधीच बाकांवर उभी. विज्ञानाच्या बाई दारात आल्या, गाडीवरचा हिरवा ढीग बघितला आणि बोटानं एकेक डबा मोजू लागल्या. मुख्याध्यापक चष्मा पुसून दोनदा बघून गेले. मावशींनी वही उघडली आणि एकेक क्रमांक पुकारून डबा ज्याच्या त्याच्या हातात द्यायला, आणि पोचेवर सही घ्यायला सुरुवात केली. मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा कुठं सही केली होती. काहींनी दोन-दोनदा केली.

"सत्तावीस," मावशी म्हणाल्या आणि थांबल्या.

दोन वेण्यांची एक बारकीशी मुलगी पुढं आली. मावशी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात काका त्यांच्या आणि मुलीच्या मध्ये येऊन उभे राहिले. एवढा धिप्पाड माणूस, पण गुडघ्यावर बसले, मुलीच्या उंचीला आले.

"तुझं लिंबू माझ्या हातून मेलं," ते म्हणाले. "मावशी गावाला गेल्या होत्या. मी त्याला फार पाणी घातलं. तहान लागलीय असं मला वाटलं, पण ते बुडत होतं. मला कळलं नाही."

मुलीनं काडीकडं बघितलं, मग काकांकडं.

"मग आता कळतं का, किती घालायचं ते?"

"शिकतोय," काका म्हणाले.

मुलीनं शेजारच्या बाकावरचा अकरा नंबरचा झेंडू उचलून त्यांच्या हातात दिला. परीक्षाच ती. काकांनी डोळे मिटले, डबा तळहातावर ठेवला, थोडा वर केला, थोडा खाली केला, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "आज नको. उद्या सकाळी." मावशींनी डबा हातात घेतला. रिकाम्या वजनापर्यंत यायला अजून पाऊण मग पाणी बाकी होतं. बरोबर उद्या सकाळी. या माणसानं शेवटचे दोन आठवडे गच्चीवर काय चालवलं होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

पार्सलमावशींना एकोणचाळीस रोपांचा अभिमान होताच, आणि तो त्या आजही लपवत नाहीत. पण त्या वर्गात त्यांचा ऊर भरून आला तो नवऱ्याकडं बघून. आगीत उड्या मारणारा माणूस त्यांनी तीस वर्षं पाहिला होता. अकरा-बारा वर्षांच्या मुलीपुढं गुडघ्यावर बसून चूक कबूल करणारा आज पाहिला, आणि दोन्हींत दुसरं काम अवघड, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका उरली नाही.

मुलीनं सही केली. इतरांपेक्षा तिला वेळ लागला, कारण ती नुसती सही नव्हती. मावशींनी वही परत घेतली तेव्हा सत्तावीस नंबरपुढं तीन ओळी होत्या: लिंबू मेलं. डबा मिळाला. काका खरं बोलले.

विज्ञानाच्या बाईंचा उपक्रम चालू राहिला. त्या मुलीनं त्याच डब्यात पुन्हा बी पेरली. निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं मानपत्र मावशींनी कपाटात ठेवलंय, कपड्यांच्या घडीखाली. ती पोच मात्र दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत आहे. कोणी आलं की काका पाणी विचारतात, आणि पाणी पिऊन झालं की त्याला भिंतीपाशी नेऊन सत्तावीस नंबर वाचायला लावतात.